खबर काही नाही

बेल्ट ओढावा तेवढा येतच राहिला. मबेलातल्या एका घरासमोरच्या अंगणात, पांढऱ्याफटक उन्हात, झहरान एका जुन्या सात सीटच्या गाडीत मधल्या रांगेत बसला होता आणि डाव्या बाजूचा बेल्ट त्यानं हाताला चाळा म्हणून ओढायला घेतला होता. जुनी गाडी घेताना बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचे असतात, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मुहन्नानंच सांगितलं असणार. गाड्यांबद्दल जे काही त्याच्या डोक्यात होतं ते सगळं धाकट्या भावानंच कोंबलेलं होतं. बेल्ट छातीवर आला, मांडीवर आला, गुडघ्यांवर त्याचा ढीग झाला आणि अगदी शेवटच्या वीतभर तुकड्यावर, एरवी जो खांबाच्या आत गुंडाळलेला असतो, एक फिकट तपकिरी रेघ निघाली. त्यानं नखानं खरवडली. नखात माती आली. वाळू नव्हे, वाळू अशी धरून बसत नाही. ही वादीची माती होती. वर्षभर कोरडी ठाक पडलेली दगडगोट्यांची नदी एखाद्या दुपारी अचानक भरून येते, डोंगराचा डोंगर खरवडून आणते आणि ओसरताना सगळ्यावर जी मऊ साय धरून जाते, ती माती. म्हणजे ही गाडी कधीतरी पुराच्या पाण्यात उभी होती. मग कुणीतरी ती धुतली, पुसली, आत ऊद जाळला आणि विकायला काढली. झहराननं बेल्ट सोडला. तो सुरसुरत आत गेला, रेघही आत गेली. आता आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं त्याच्या मनात आलं. राग तरी, भीती तरी. तो थोडा थांबला. काही वाटलं नाही. नखातली माती त्यानं स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र पायघोळ डिशडाशाला पुसली आणि आज सकाळीच झुवैनानं तो इस्त्री केला होता हे त्याला नंतर आठवलं.

"काय रे अबू हैथम, आत बसून डुलकी लागली का?" बाहेरून ओबैदकाका ओरडला. हा गाडीचा मालक. ओळख होताक्षणी त्यानं थोरल्या पोराचं नाव विचारून घेतलं होतं आणि तेव्हापासून तो झहरानला हैथमचा बाप म्हणूनच हाका मारत होता, जुनी माणसं मारतात तशा. "गाडीच तशी आहे म्हणा. बसलेला माणूस उठत नाही. माझी बायको म्हणते, घर वीक पण ही विकू नकोस."

"मग विकता कशाला?" झहराननं विचारलं, विचारायचं म्हणून.

"पोरं उडाली ना! एक दुबईला, एक सोहारला, पोरी आपापल्या घरी. मागची रांग गेल्या ईदपासून उघडलेली नाही. कुणाला बसवू, बकऱ्यांना? तुम्ही किती जण?"

"सात."

"माशाल्ला. मोज बघू."

"आम्ही दोघं, पोरं चार. आणि आई."

आई म्हणताना त्याची जीभ जरा अडखळली, पण ओबैदकाकाच्या ते लक्षात आलं नाही. आई कुठे असते, वर डोंगरात, हबीनात, अरे मग तुला हीच पाहिजे, डांबर संपल्यावर वर जायला दुसरी कुठली गाडी कामाची नाही, असं त्याचं सुरू झालं. बॉनेटवर थापा मारत तो बोलत होता. झहरान वाकून गाडीखाली बघत होता. गंज दिसत नव्हता. जमिनीपासूनची उंची चांगली होती. टायरांची नक्षी अजून शाबूत होती. चारही चाकांना जोर लावणारा छोटा गिअर त्यानं दोनदा टाकून पाहिला होता, तो लोण्यासारखा पडत होता. सगळं कसं ठीक होतं. एवढी माती सोडली तर.

गेले दोन महिने हेच चाललं होतं. झहरान वीज कंपनीत नोकरीला. दुपारी सुटला की खौदच्या घरी जायच्याऐवजी कुठल्या ना कुठल्या गाडीखाली वाकलेला. एक रुपेरी गाडी दिसायला झकास, पण पोट इतकं खाली की हबीनाच्या वाटेवरचा पहिलाच धोंडा तिनं अंगावर घेतला असता. एका लाल गाडीची शेवटची रांग बाहुल्यांसाठी केल्यासारखी, हैथमचे गुडघे कानाला लागले. एक थोराड डिझेल गाडी त्याला आवडली होती, तर झुवैना म्हणाली, ही चालवून खौदच्या बाजारात लावून दाखव, मी तुझ्याशी पुन्हा लग्न करीन. झुवैनाचं तोंड असं, बारा महिने चालू. "मला बघायला आला होतास तेव्हा एवढा वाकून बघत नव्हतास," तीच परवा म्हणाली होती. तो हसला होता. हसण्याची जागा त्याला अजून बरोबर कळत असे. मग तिनं हळूच विचारलं होतं, "सातवी सीट कशाला, झहरान? आई येणार आहेत का खाली? एकदा तरी म्हणाल्यात का तुला तसं?" तिला उत्तर ठाऊक होतं. आई वर्षभर हबीनातून खाली उतरली नव्हती. ईदला नाही, धाकट्या नातीच्या बारशाच्या जेवणाला नाही. हे सगळे, घरची छोटी गाडी वर चढत नाही म्हणून, महिन्यातून दोनदा मिळेल त्याच्या गाडीतून वर जात, आई जेवू घाली, पोरांच्या डोक्याला तेल लावी, झुवैनाशी बोले, आणि झहरानला खबर विचारत नसे.

एवढीच गोष्ट. बाहेरच्या कुणाला सांगितली तर तो म्हणेल, एवढंच? पण हबीनात दारात आलेल्या माणसाला खबर विचारतात. टेकला, पाण्याचा घोट घेतला, की लगेच, काय खबर, काय हालहवाल? आणि आलेल्यानं म्हणायचं असतं, खबर काही नाही, सगळं खैर. घर जळालेलं असो, बैल मेलेला असो, आधी हेच म्हणायचं. मग खजूर, मग कॉफीचे पेले, आणि त्यानंतर हळूहळू जे असेल ते काढायचं. दारातून आत येता येता वाईट बातमी यजमानाच्या अंगावर टाकायची नसते. लहानपणी झहरान आणि मुहन्ना या उत्तराची टर उडवत. मुहन्ना खजुरीच्या झाडावरून पडून हात मोडून आला होता, हात असा लोंबत होता, आणि झहराननं दारातच खोटा भारदस्त आवाज काढून विचारलं होतं, काय खबर? मुहन्ना रडता रडता म्हणाला होता, खबर काही नाही, सगळं खैर. आई दोघांनाही हसली होती आणि मग तिनं दोघांनाही बदडलं होतं.

वर्षापूर्वी वादीला पूर आला त्या दिवशी मुहन्ना किनाऱ्यावरून आईसाठी मासळी घेऊन वर निघाला होता. सुरमई. तिला आवडते म्हणून बर्फात घालून. डोंगरात काळं झालेलं खालून दिसत होतं म्हणे, पण मुहन्नानं ती वादी पन्नासदा ओलांडली होती, पाणी असतानाही, आणि त्याच्या पुढची एक गाडी गेलीच होती पलीकडे. इथली माणसं तशी शहाणी. फक्त वादीच्या काठावर आली की त्यांना वाटतं, जाईल. झहरानला दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कळलं. पाणी उतरल्यावर तो वर पोचला, शेवटची चढण चालत चढला, सपाता हातात घेऊन, आणि आईच्या दारात उभा राहिला. रस्ता बंद होता, फोन बंद होते, आईला काहीच माहीत नव्हतं. ती त्याला बघून खूश झाली. बस म्हणाली. पाणी दिलं. आणि म्हणाली, काय खबर, बाळा? आणि त्याचं तोंड म्हणालं, खबर काही नाही. सगळं खैर.

त्यात चुकीचं काहीच नव्हतं. कुणीही हेच म्हणालं असतं. पुढचं सांगायला त्याला कॉफीचा वेळ होता. आईनं कॉफी ओतली. तो प्याला. तिनं पुन्हा ओतली. पुरे झाली तर पेला हलवायचा असतो, त्याच्या हातानं तो हलवलाच नाही, आई ओतत गेली आणि तो पीत गेला. ती पावसाबद्दल बोलत होती, बाग कशी भिजली, मुहन्नाला सांगायला हवं पाटाचं तोंड उघडायला. तो हं म्हणाला. हं म्हणाला! मग शेजारची सलमा छाती बडवत अंगणात आली. आईचा हात कॉफीच्या सुरईवर तसाच राहिला. ती सलमाकडे बघत नव्हती, झहरानकडे बघत होती. "तू तर म्हणालास, काही नाही," ती म्हणाली. रागानं नाही. एखादी गोष्ट नीट समजून घ्यावी तशी.

त्यानंतर ती त्याला खबर विचारेनाशी झाली. सांत्वनाला आलेल्या साऱ्या गावाला ती विचारत होती, पाव विकायला येणाऱ्या गाडीवाल्याला विचारत होती. झहरान समोर आला की बस म्हणे, खा म्हणे. आणि झहरानला काहीच वाटेनासं झालं. दाढ काढल्यावर ओठ असतो ना, आपलाच असतो, बोट लावलं तर बोटाला कळतं, ओठाला कळत नाही, तसं. मुहन्नाला मातीत ठेवताना तो रडला नाही. लोक म्हणाले, धीराचा आहे. नोकरीवर वेळेवर जात होता. पोरांचे अभ्यास घेत होता. कधी सिग्नलला उभा असताना मागचा भोंगा वाजवायचा तेव्हा त्याला कळायचं की हिरवा लागून बराच वेळ झाला. आणि मग एक दिवस त्यानं ठरवलं, सात सीटची गाडी घ्यायची. आईला त्यात बसवून खाली आणायची. गाडीत तिला बोलावंच लागेल. का कोण जाणे, त्याच्या मनानं हे धरून ठेवलं होतं. आई मधल्या सीटवर बसेल आणि मागून विचारेल, काय खबर?

"बोल मग," ओबैदकाका म्हणत होता. "आवडली ना?"

बेल्टमधली माती दाखवावी, भाव पाडावा किंवा सरळ उठून जावं. शहाणा माणूस तेच करील. पुरातली गाडी कुणी घेत नाही, आज चालते, उद्या तारा कुजतात. झहरानला हे सगळं ठाऊक होतं आणि तरी त्याच्या तोंडून निघालं, "हबीनापर्यंत चालवून बघायची आहे." असं का म्हणालो याचा त्यानं नंतर विचार केला. ही पाण्यात गेली होती आणि परत आली होती. एवढंच सापडलं.

"हबीना? म्हणजे अर्धा दिवस गेला की रे माझा!" ओबैदकाका क्षणभर घुटमळला आणि मग खो खो हसला. "हरकत नाही. शुक्रवारी मी पण येतो बरोबर. गाडी घेऊन पळालास तर? आणि तुझ्या आईच्या हातची कॉफी पिऊ."

शुक्रवारी पोरांना झुवैनाच्या बहिणीकडे सोडून ते तिघं निघाले. ओबैदकाका पुढे झहरानशेजारी, झुवैना मागे. महामार्गावर गाडी शांत चालली. डांबर संपलं तिथे झहराननं उतरून टायरांतली थोडी हवा सोडली, छोटा गिअर टाकला, आणि मग गाडी गोट्यांवरून डुलत, खडखडत, पण कुठेही न आपटता वर चढू लागली. ओबैदकाका प्रत्येक खड्ड्याला म्हणत होता, बघितलंस? बघितलंस? जसा काही तो गाडीचा बाप. झुवैना म्हणाली, "काका, इतकी गुणाची आहे तर सून करून घेतली असतीत." तो आणखी हसला. मग वाट खाली उतरली आणि वादीच्या पात्रात आली. पाण्याची खोली दाखवणारे तांबडे-पांढरे खांब दोन्ही काठांना उभे होते. पात्र कोरडं होतं. एका खांबाला कुणाच्या तरी ओढणीचा रंग उडालेला तुकडा अडकलेला होता. झुवैना बोलायची थांबली. आरशात तिचे ओठ हलताना दिसत होते, ती मुहन्नासाठी फातिहा म्हणत होती. झहराननं स्टिअरिंग सरळ धरलं. खाली गोटे करकरत होते.

"हे काय, सगळेच गप्प झालात?" ओबैदकाकानं विचारलं. "काय झालं?"

"काही नाही," झहरान म्हणाला.

आई अंगणात होती. वाळत घातलेली लिंबं चाळत होती. वर्षभरात ती बारीक झाली होती, पण चालणं अजून ताठ. पाहुणा बघून तिनं ओढणी सारखी केली, चटई घातली, खजूर आणले. ओबैदकाका मांडी घालून बसला आणि तिनं ठरल्याप्रमाणे त्याला विचारलं, काय खबर, काय हालहवाल? त्यानं ठरल्याप्रमाणे सांगितलं, खबर काही नाही, सगळं खैर. झुवैनाला विचारलं. झुवैना म्हणाली, सगळं खैर, आई. मग आईनं झहरानकडे खजुराची ताटली सरकवली. "खा," ती म्हणाली. त्यानं खजूर खाल्ला. गोड असावा. ओबैदकाकानं दोन पेले पिऊन तिसऱ्याला पेला हलवला आणि गाडीचं कौतुक सुरू केलं. आई ऐकत होती. मग झुवैनाच मध्ये म्हणाली, कारण तिच्यानं राहवेना, "आई, बघा तरी एकदा बसून. तुमच्यासाठी म्हणून शोधतोय हा. दोन महिने झाले, माझ्यापेक्षा गाड्यांचीच तोंडं जास्त बघतो."

आई उठेल असं झहरानला वाटलं नव्हतं. ती उठली. गाडीपाशी गेली, पायरीवर पाय ठेवला, झुवैनाचा हात बाजूला करून स्वतःच चढली आणि मधल्या रांगेत डावीकडे बसली. "उंच आहे," ती म्हणाली. झुवैना म्हणाली, "बेल्ट लावा हं, नाहीतर पोलीस पावती फाडतात." झहराननं तोंड उघडलं, पण उशीर झाला होता. आईनं बेल्ट धरला आणि विहिरीचा दोर ओढावा तसा दोन्ही हातांनी ओढत गेली, ओढत गेली, सगळा येईपर्यंत. आणि मग थांबली. तिनं ती रेघ बघितली. अंगठ्यानं चोळली. अंगठा नाकाशी नेला. हबीनातल्या बाईला ही माती डोळे मिटूनही कळते.

ओबैदकाकाचा चेहरा उतरला. "अम्मा, मी... ते वादळ आलं होतं ना, अंगणात वादीचं पाणी शिरलं, ही उभी होती. इंजिनात नव्हतं गेलं, शपथ घेऊन सांगतो. विचारलं असतं तर सांगितलं असतं मी." त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. तो चुळबुळला, बाग बघून येतो असं काहीतरी पुटपुटला आणि काठी टेकत खजुरींकडे निघून गेला. झुवैना दोन पावलं मागे सरली.

"तुला दिसलं होतं हे?" आईनं विचारलं.

"हो."

"आणि काही बोलला नाहीस."

"नाही."

आई बेल्ट मांडीवर घेऊन बसून राहिली. गाडीचं दार उघडं होतं आणि झहरान दाराशी उभा होता. इतक्या जवळून त्यानं तिला वर्षभरात बघितलं नव्हतं. "सगळ्यांनी सांगितलं मला," ती म्हणाली. "सलमानं सांगितलं. पोलिसानं सांगितलं. मशिदीतून सांगितलं. पावाच्या गाडीवाल्यानंसुद्धा सांगितलं रे. तू नाही सांगितलंस."

"तू विचारलं नाहीस, आई. त्या दिवसानंतर तू मला कधी..."

"कसं विचारणार? विचारलं असतं तर तू पुन्हा म्हणाला असतास, काही नाही, खैर. एकदा ऐकलं होतं मी ते तुझ्या तोंडून. आणि तुझे तीन पेले होईपर्यंत माझा मुलगा जिवंत होता. पुन्हा ऐकलं असतं तर पुन्हा खरं वाटलं असतं मला." तिनं मांडीवरचा बेल्ट मुठीत धरला. "म्हणून नाही विचारलं."

म्हणजे ती शिक्षा नव्हती. झहराननं दाराची कड धरली, पत्रा तापलेला होता, आणि हात भाजतो आहे हे त्याला कळलं. चांगलंच भाजत होतं. त्यानं हात काढला नाही. आई सरकली. तिनं सीटवर आपल्या शेजारी जागा केली आणि त्यावर थाप मारली, लहानपणी मारायची तशी. तो चढला आणि तिच्याजवळ बसला. आत अजून उदाचा वास होता आणि त्याच्याखाली, आता नाकाला येत होता, ओल्या मातीचा.

"काय खबर, बाळा?" आईनं विचारलं. "काय हालहवाल?"

खबर काही नाही, हे शब्द आपोआप वर आले, ओठापर्यंत आले. त्यानं ते तिथे धरले. ओठ थरथरायला लागला, त्याचा स्वतःचा ओठ.

"खबर आहे, आई," तो म्हणाला. "मुहन्ना गेला."

आईनं डोळे मिटले. तिनं त्याचा भाजलेला हात मातीच्या बेल्टसकट आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"कधी?" तिनं विचारलं, जसं काही तिला ठाऊकच नव्हतं.

"काल... नाही. पाऊस झाला त्या दिवशी," झहरान म्हणाला. "तुझ्यासाठी सुरमई घेऊन निघाला होता."